सपाट पडद्याचा संगणक मॉनिटर

सपाट पडद्याचा संगणक मॉनिटर हे संगणकाकडून येणारे चित्र एका पातळ, सपाट पटलावर दाखवणारे साधन आहे. असे बहुतेक मॉनिटर द्रवस्फटिक पटलाचे म्हणजे एलसीडी प्रकारचे असतात. सेंद्रिय प्रकाश उत्सर्जक डायोडांचे म्हणजे ओलेड प्रकारचे मॉनिटरही उपलब्ध आहेत. या पटलांवरील चित्रबिंदूंची (पिक्सेलांची) संख्या कारखान्यातच कायमची ठरलेली असते. त्यामुळे संगणकाने पटलावर जितके बिंदू आहेत तितक्याच बिंदूंचे चित्र पाठवले, तरच ते पूर्णपणे रेखीव दिसते. याच कारणाने मॉनिटरची निवड आणि त्याच्यापर्यंत चित्र पोहोचवणाऱ्या जोडणीची निवड या दोन गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो. पटल उत्तम असूनही मध्ये एखादी जुन्या पद्धतीची केबल किंवा अपुऱ्या क्षमतेचा रूपांतरक असल्यास अक्षरे धूसर होतात, हालचाल तुटक दिसते किंवा पडदा काळाच राहतो.

संज्ञा

'सपाट पडदा' या शब्दाचा वापर दोन अर्थांनी होत आला आहे. ऋण किरण नलिकेच्या म्हणजे सीआरटी प्रकारच्या शेवटच्या पिढीतील काही मॉनिटरांची दर्शनी काच सपाट होती व तेही 'फ्लॅट' या नावाने विकले जात. त्यांच्या मागे मात्र जुनीच लांब, जड नलिका असे. या लेखात सपाट पडदा म्हणजे संपूर्ण पटलच पातळ व सपाट असलेला मॉनिटर हा अर्थ अभिप्रेत आहे. दुकानांत 'एलईडी मॉनिटर' म्हणून विकला जाणारा मॉनिटर सामान्यतः एलसीडीच असतो. त्याच्या पटलामागील प्रकाश तेवढा एलईडी दिव्यांचा असतो.

इतिहास

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना १८८८ मध्ये प्राग येथे कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाला दोन वितळणबिंदू असल्याचे आढळले. सुमारे १४५.५ अंश सेल्सिअस तापमानाला तो वितळून गढूळ द्रव होई आणि सुमारे १७८.५ अंशांना हा गढूळपणा एकाएकी नाहीसा होई. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो लेमान यांनी या मधल्या अवस्थेचा पुढे सखोल अभ्यास केला. द्रवासारखा वाहणारा, तरी स्फटिकासारखी रेणूंची मांडणी काही अंशी टिकवून ठेवणारा हा पदार्थ द्रवस्फटिक म्हणून ओळखला जाऊ लागला.

या शोधाचा दर्शकासाठी उपयोग होण्यास ऐंशी वर्षे जावी लागली. अमेरिकेतील आरसीए या कंपनीत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला द्रवस्फटिक दर्शक १९६८ मध्ये जाहीर झाला. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश या कंपनीत मार्टिन शाड्ट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी पीळदार रचनेच्या द्रवस्फटिकाचे तत्त्व मांडले. मनगटी घड्याळे आणि गणकयंत्रे यांतून ते घराघरांत पोहोचले. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र ट्रान्झिस्टर देण्याच्या पद्धतीवर अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रोडी यांनी १९७० च्या दशकात महत्त्वाचे काम केले. संगणकाच्या पडद्यासाठी लागणारी लाखो बिंदूंची पटले या पद्धतीमुळेच शक्य झाली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टेबलावरच्या संगणकासाठी द्रवस्फटिक मॉनिटर महाग पडत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात किमती उतरल्या आणि ऋण किरण नलिकेचे मॉनिटर मागे पडले. याच काळात पडद्याचे ४:३ व ५:४ हे प्रमाण जाऊन प्रथम १६:१० आणि नंतर १६:९ हे रुंद प्रमाण रूढ झाले.

रचना व कार्य

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. पटलाच्या मागे किंवा कडेला असलेल्या दिव्यांपासून पार्श्वप्रकाश मिळतो. हा प्रकाश एका ध्रुवकातून जातो, मग द्रवस्फटिकाच्या थरातून आणि शेवटी दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. विद्युत दाब बदलला की द्रवस्फटिकाच्या रेणूंची दिशा बदलते आणि त्यानुसार कमी वा अधिक प्रकाश बाहेर येतो. थोडक्यात, प्रत्येक बिंदू ही प्रकाशाची एक सूक्ष्म झडप असते.

प्रत्येक चित्रबिंदूचे लाल, हिरवा व निळा असे तीन उपबिंदू असतात. १९२० × १०८० बिंदूंच्या पटलावर २०,७३,६०० चित्रबिंदू आणि त्यांचे ६२,२०,८०० उपबिंदू असतात. ओलेड पटलात पार्श्वप्रकाश नसतो. प्रत्येक उपबिंदू स्वतः प्रकाशतो व विझतो.

ऋण किरण नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर रेघा ओढत असे. रेघांची संख्या बदलली तरी चित्र बऱ्यापैकी एकसारखे दिसे. सपाट पटलाला ही मोकळीक नाही. १९२० बिंदू रुंदीच्या पटलाला १२८० बिंदूंचे चित्र दिले, तर दर दोन बिंदूंचा मजकूर तीन बिंदूंवर पसरावा लागतो. मधल्या बिंदूला दोन्ही शेजाऱ्यांचा सरासरी रंग मिळतो आणि अक्षराची कड विरघळल्यासारखी दिसते. पटलावर प्रत्यक्ष असलेल्या बिंदूंच्या या संख्येला मूळ रिझोल्यूशन म्हणतात. मजकूर बारीक दिसतो म्हणून रिझोल्यूशन कमी करण्याची सवय सर्रास आढळते. त्याऐवजी मूळ रिझोल्यूशन कायम ठेवून कार्यकारी प्रणालीतील मजकूर मोठा करण्याची सोय वापरल्यास अक्षरे मोठी होतात आणि रेखीवही राहतात.

पटलांचे प्रकार

टीएन: पीळदार रचनेचे हे पटल स्वस्त व वेगवान असते. बाजूने किंवा खालून पाहिल्यास रंग बदलतात, हा त्याचा मुख्य दोष होय. अनेक टीएन पटले प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटाच दाखवतात व उरलेल्या छटांचा आभास शेजारच्या छटांच्या आलटापालटीने निर्माण करतात.

आयपीएस: यात रेणू पटलाच्या प्रतलातच फिरतात. हिताची कंपनीने १९९६ मध्ये हे तंत्र बाजारात आणले. कोणत्याही बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत, म्हणून लेखन, छायाचित्रे व मुद्रणपूर्व कामासाठी ते पसंत केले जाते. अंधाऱ्या खोलीत काळा रंग किंचित करडा दिसतो.

व्हीए: विद्युत दाब नसताना यातील रेणू पटलाला लंब उभे असतात व प्रकाश अधिक चांगला अडवतात. सर्वसाधारण टीएन व आयपीएस पटलांचे उजळ-काळोख गुणोत्तर सुमारे १००० : १ असते, तर व्हीए पटलांचे ३००० : १ च्या आसपास असते. मात्र गडद छटांमधील बदलांना काही व्हीए पटले उशिरा प्रतिसाद देतात.

ओलेड: विझलेला बिंदू पूर्ण काळा असल्याने उजळ व काळोख यांतील भेद सर्वाधिक असतो व प्रतिसादही अतिशय जलद असतो. एकच स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. दिवसभर एकाच जागी राहणाऱ्या पट्ट्या व रकाने असलेल्या कार्यालयीन कामासाठी ही बाब विचारात घ्यावी लागते.

आकार, बिंदूंची घनता आणि देवनागरी मजकूर

मॉनिटरचा आकार कर्णाच्या लांबीने सांगतात. आकारावरून सुस्पष्टता कळत नाही. ती एका इंचात किती चित्रबिंदू बसतात यावर ठरते. तेवढेच बिंदू मोठ्या पटलावर पसरले की प्रत्येक बिंदू मोठा होतो व त्याची चौकट डोळ्यांना जाणवू लागते.

| कर्ण (इंच) | रिझोल्यूशन | दर इंची बिंदू (सुमारे) |
|---|---|---|
| २१.५ | १९२० × १०८० | १०२ |
| २३.८ | १९२० × १०८० | ९३ |
| २७ | १९२० × १०८० | ८२ |
| २७ | २५६० × १४४० | १०९ |
| २७ | ३८४० × २१६० | १६३ |
| ३२ | ३८४० × २१६० | १३८ |

या घनतेचा परिणाम लिपीनुसार कमीअधिक जाणवतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात, खाली उकार व ऋकार येतात आणि मधल्या भागात जोडाक्षरे दाटीने बसतात. दर इंची ९६ बिंदू गृहीत धरणाऱ्या नेहमीच्या मांडणीत १२ पॉइंट आकाराच्या अक्षराला अवघी १६ बिंदूंची उंची मिळते. वरची चिन्हे, शिरोरेघ, अक्षराचा देह आणि खालची चिन्हे हे सारे तेवढ्यात बसवावे लागते. अशा वेळी अनुस्वाराच्या वाट्याला एकदोन बिंदूच येतात. चित्र मूळ रिझोल्यूशनमध्ये नसेल तर तेही पुसट होतात आणि 'मंद' व 'मद' किंवा 'रंग' व 'रग' यांतील फरक नजरेतून निसटू शकतो. 'द्ध' आणि 'ध्द' यांतला भेद ओळखणे तर याहून अवघड जाते. मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी म्हणूनच बिंदूंची घनता हा महत्त्वाचा निकष ठरतो. दर इंची १६३ बिंदूंच्या पटलावर मजकूर दीडपट मोठा करून ठेवल्यास त्याच अक्षराला २४ बिंदूंची उंची मिळते.

कमी घनतेच्या पटलावर अक्षरे गुळगुळीत दिसावीत म्हणून तीन उपबिंदूंचा स्वतंत्रपणे वापर करण्याची युक्ती योजली जाते. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप हे तंत्र याच तत्त्वावर चालते. उपबिंदूंचा क्रम लाल-हिरवा-निळा असा आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. पटल उभे फिरवले किंवा त्यातील क्रम वेगळा असला, तर अक्षरांच्या कडांना रंगीत झाक येते. अशा वेळी हे तंत्र नव्याने जुळवावे किंवा बंद करावे लागते.

रिफ्रेश रेट, तेज व रंग

एका सेकंदात पटलावरील चित्र जितक्या वेळा नव्याने मांडले जाते, त्याला रिफ्रेश रेट म्हणतात व तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झला सुमारे ६.९ मिलिसेकंद. लेखन, हिशेब व वाचन यांसाठी ६० हर्ट्झ पुरेसे होतात. वेगवान खेळांमध्ये अधिक दर उपयोगी पडतो, परंतु त्याच प्रमाणात जोडणीवरील भारही वाढतो.

तेजाचे मापन कँडेला प्रतिचौरस मीटर या एककात करतात. घर व कार्यालय यांसाठी २५० ते ३५० कँडेला तेजाचे मॉनिटर सामान्यतः पुरतात. खिडकीसमोर बसणाऱ्यास चकचकीत पटलापेक्षा प्रतिबिंब न पाडणारे खरखरीत पृष्ठाचे पटल सोयीचे पडते. काही मॉनिटरांत पार्श्वप्रकाश अतिवेगाने चालूबंद करून तेज कमी केले जाते व त्या लुकलुकण्याचा काहींच्या डोळ्यांना त्रास होतो. असे लुकलुकणे नसल्याचा उल्लेख तपशीलपत्रात पाहता येतो. रंगांच्या अचूकतेसाठी एसआरजीबी या रंगमानकाची किती टक्के व्याप्ती दिली आहे ते पाहतात.

चित्रसंकेताची जोडणी

व्हीजीए: आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर हे मानक आणले. तीन ओळींत पंधरा पिना असलेला हा बहुधा निळ्या रंगाचा जोड अ‍ॅनालॉग संकेत वाहतो. संगणकातील अंकीय चित्राचे आधी विद्युत दाबाच्या चढउतारांत रूपांतर होते आणि सपाट मॉनिटर त्याचे पुन्हा अंकांत रूपांतर करतो. या दुहेरी प्रवासात बिंदूंच्या सीमा नेमक्या जुळल्या नाहीत, तर अक्षरांना सावली येते किंवा उभ्या पट्ट्या थरथरतात. मॉनिटरवरील स्वयंजुळणीची म्हणजे 'ऑटो'ची कळ दाबल्यास ही जुळवणी बरीच सुधारते. केबल लांब किंवा हलकी असल्यास दोष वाढतो. १३६६ × ७६८ बिंदूंच्या स्वस्त पटलांबाबत आणखी एक अडचण येते. १३६६ या संख्येस ८ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे काही संगणक त्याऐवजी १३६० बिंदूंचे चित्र पाठवतात आणि चित्र पटलाशी नेमके जुळत नाही. इंटेल, एएमडी व काही संगणक उत्पादकांनी २०१० मध्ये व्हीजीएचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले होते. तरीही जुने संगणक व प्रक्षेपक यांवर हा जोड अजून आढळतो.

डीव्हीआय: १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे मानक सपाट मॉनिटर डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले. यात प्रत्येक बिंदूचा रंग अंकांच्याच रूपात पोहोचतो. एकपदरी जोडणीतून १९२० × १२०० व दुपदरी जोडणीतून २५६० × १६०० बिंदूंचे चित्र ६० हर्ट्झने जाऊ शकते. डीव्हीआय-डी या प्रकारात केवळ डिजिटल संकेत असतो, तर डीव्हीआय-आय या प्रकारात त्यासोबत अ‍ॅनालॉग संकेतही असतो. त्यामुळे व्हीजीएचा साधा जोड डीव्हीआय-आयला लागतो, पण डीव्हीआय-डीला लागत नाही.

एचडीएमआय: २००२ च्या अखेरीस आलेले हे मानक मुळात दूरचित्रवाणी संचांसाठी होते. एकाच केबलमधून चित्र व ध्वनी दोन्ही जातात. सुरुवातीची चित्रसंकेत पद्धत डीव्हीआयसारखीच असल्यामुळे या दोहोंमध्ये साधी जोडकेबल चालते.

डिस्प्लेपोर्ट: व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन म्हणजेच व्हेसा या संस्थेने २००६ मध्ये हे मानक संगणकांसाठी प्रसिद्ध केले. याचा जोड एका कोपऱ्यात तिरका कापलेला असतो व बहुतेक केबलींना खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल ओढू नये. १.२ आवृत्तीपासून एका मॉनिटरमधून दुसऱ्याकडे संकेत नेण्याची सोय झाली. त्यासाठी पहिल्या मॉनिटरवर बाहेर जाणारा डिस्प्लेपोर्ट असावा लागतो.

यूएसबी-सी: २०१४ मध्ये आलेल्या या लहान, उलटसुलट कसाही बसणाऱ्या जोडातून डिस्प्लेपोर्टचा संकेत, इतर माहिती आणि लॅपटॉपसाठी वीज एकाच केबलने जाऊ शकते. मात्र जोडाचा आकार पाहून ही क्षमता ओळखता येत नाही. अनेक लॅपटॉप व मोबाइल फोन यांच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर येतच नाही. काही यूएसबी-सी केबली फक्त चार्जिंग व साध्या माहितीवहनासाठी असतात. संगणक, केबल आणि मॉनिटर या तिघांच्याही तपशीलपत्रांत चित्रसंकेताचा स्पष्ट उल्लेख असणे आवश्यक असते.

वहनक्षमतेचा हिशेब

जोडणी पुरेशी आहे की नाही हे साध्या गुणाकाराने ताडता येते. बिंदूंची संख्या, प्रत्येक बिंदूसाठी लागणारे २४ बिट आणि रिफ्रेश रेट यांचा गुणाकार करावा. १९२० × १०८० चे चित्र ६० हर्ट्झने पाठवण्यास दर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट, तर ३८४० × २१६० च्या चित्रास सुमारे ११.९ गिगाबिट लागतात. दोन चित्रांमधील विश्रांतीचा काळ धरला की ही गरज आणखी वाढते.

एचडीएमआय १.४ ची घोषित क्षमता १०.२ गिगाबिट आहे. तीतील एक पंचमांश भाग संकेतनातच खर्ची पडतो व सुमारे ८.२ गिगाबिट उरतात. म्हणून ३८४० × २१६० चे चित्र या जोडणीतून ३० हर्ट्झनेच जाते आणि माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा दिसतो. मॉनिटर सदोष असल्याचा समज अशा वेळी होतो, परंतु दोष बहुधा जुन्या खाचेचा वा केबलचा असतो.

| जोडणी | वर्ष | घोषित क्षमता (गिगाबिट प्रतिसेकंद) | ३८४० × २१६० साठी दर |
|---|---|---|---|
| एचडीएमआय १.४ | २००९ | १०.२ | ३० हर्ट्झ |
| एचडीएमआय २.० | २०१३ | १८ | ६० हर्ट्झ |
| एचडीएमआय २.१ | २०१७ | ४८ | १२० हर्ट्झ व अधिक |
| डिस्प्लेपोर्ट १.२ | २०१० | २१.६ | ६० हर्ट्झ |
| डिस्प्लेपोर्ट १.४ | २०१६ | ३२.४ | १२० हर्ट्झ |

एचडीएमआय २.१ मधील बहुतेक सुविधा उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेल्या असल्यामुळे केवळ '२.१' हा आकडा पुरेसा नसतो. रिझोल्यूशन व रिफ्रेश रेट प्रत्यक्ष नमूद केलेले पाहावेत. एचडीएमआय केबलींचे वर्गीकरण आवृत्तीने न होता वेगाने होते. प्रीमियम हायस्पीड केबल १८ गिगाबिटांसाठी, तर अल्ट्रा हायस्पीड केबल ४८ गिगाबिटांसाठी प्रमाणित असते. डिजिटल संकेत नीट पोहोचत असेल, तर महागड्या केबलने चित्राचा दर्जा वाढत नाही. संकेत तुटत असेल, तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा तो मध्येच काळा होतो.

रूपांतरक

रूपांतरक बहुधा एकाच दिशेने काम करतो. अनेक संगणकांच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयचाही संकेत निघू शकतो, म्हणून डिस्प्लेपोर्टच्या संगणकाला एचडीएमआयचा मॉनिटर जोडणारी साधी केबल चालते. तीच केबल उलटी लावून एचडीएमआयच्या संगणकाला डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर जोडला, तर चित्र येत नाही. त्यासाठी वीज घेऊन चालणारा सक्रिय रूपांतरक लागतो. एचडीएमआयमधून व्हीजीए मिळवण्यासही सक्रिय रूपांतरकच लागतो आणि व्हीजीएचे सर्व दोष त्यासोबत येतात.

संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्या कार्डाच्या खाचेत लावावी. मदरबोर्डवरील खाचेत ती लावल्यास कार्डाचा उपयोग होत नाही. काही संगणकांत त्या खाचेतून चित्रच येत नाही.

दूरचित्रवाणी संचाचा मॉनिटर म्हणून वापर

एचडीएमआय दोहोंवर असल्यामुळे दूरचित्रवाणी संच संगणकाला जोडणे सोपे असते, मात्र तीन अडचणी संभवतात. पहिली, काही संच चित्र थोडे मोठे करून कडा कापतात. संचाच्या मेन्यूतील चित्र मूळ आकारात दाखवण्याचा पर्याय निवडल्यास हे थांबते. दुसरी, काही संच रंगाची माहिती प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र न घेता शेजारच्या बिंदूंसाठी एकत्र घेतात. चित्रपटात हे लक्षात येत नाही, पण रंगीत पार्श्वभूमीवरील बारीक मजकूर फुटतो. तिसरी, संगणक व संच यांनी काळ्या-पांढऱ्याची भिन्न मर्यादा गृहीत धरल्यास काळा रंग करडा दिसतो किंवा गडद छटा बुजतात.

निवडीचे निकष

मॉनिटर निवडण्याची सुरुवात संगणकापासून करणे इष्ट असते. संगणकाच्या मागे कोणत्या खाचा आहेत आणि त्यांतून कमाल किती रिझोल्यूशन, किती हर्ट्झने निघते हे आधी पाहावे. त्यानंतर कामाचे स्वरूप ठरवावे.

• पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास: २१.५ ते २४ इंची, १९२० × १०८० चे आयपीएस पटल; कोणतीही डिजिटल जोडणी पुरते.
• दीर्घकाळ वाचन, लेखन, मुद्रितशोधन, पृष्ठमांडणी: २७ इंची, २५६० × १४४० किंवा ३८४० × २१६० चे आयपीएस पटल; डिस्प्लेपोर्ट १.२, एचडीएमआय २.० किंवा त्यापुढील जोडणी.
• चित्रपट पाहणे: व्हीए किंवा ओलेड पटल.
• वेगवान खेळ: १४४ हर्ट्झ वा अधिक दराचे पटल आणि त्या दराला पुरणारी जोडणी व ग्राफिक्स कार्ड.
• लॅपटॉपला जोडण्यासाठी: चित्र व वीज दोन्ही देणारी यूएसबी-सी जोडणी असल्यास एकाच केबलने काम होते.

२७ इंची पटल १९२० × १०८० मध्ये स्वस्त मिळते, परंतु जवळून मजकूर वाचणाऱ्यास ते २४ इंचीपेक्षा कमी रेखीव वाटते. पडदा मोठा आहे एवढ्यावरून तो वाचनाला चांगला असे समजू नये.

तेज, प्रतिसादकाल व 'गतिमान' उजळ-काळोख गुणोत्तर यांचे जाहिरातींतील आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले असल्यामुळे त्यांची तुलना जपून करावी लागते. मॉनिटर चालू करून एकरंगी काळा, पांढरा, लाल, हिरवा व निळा पडदा पाहिल्यास मृत किंवा सतत पेटलेले बिंदू दिसून येतात. आयएसओ १३४०६-२ या पूर्वीच्या मानकातील दुसऱ्या श्रेणीत दर दहा लाख बिंदूंमागे दोन सतत पेटलेले, दोन विझलेले बिंदू व पाच सदोष उपबिंदू क्षम्य मानले जात. पुढे आयएसओ ९२४१-३०७ या मानकाने त्याची जागा घेतली. त्यामुळे एखाद्या मृत बिंदूसाठी मॉनिटर बदलून मिळेलच असे नाही. विक्रेत्याची परत घेण्याची मुदत व उत्पादकाचे सदोष बिंदूंबाबतचे धोरण खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. भारतात मॉनिटर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेखाली येतात. त्याचे चिन्ह व नोंदणी क्रमांक मागील पट्टीवर पाहता येतो.

मांडणी

पटल डोळ्यांपासून साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर अंतरावर असावे व त्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणारे भिंगाच्या खालच्या भागातून वाचत असल्यामुळे त्यांना पटल आणखी खाली घ्यावे लागते, नाहीतर मान सतत मागे झुकते. म्हणून उंची बदलता येणारी बैठक उपयुक्त ठरते. ती नसल्यास मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार व्हेसा छिद्रे असल्याची खात्री करावी. त्यांवर वेगळा आधार बसवता येतो. पटलाचे तेज खोलीतील उजेडाशी मिळतेजुळते ठेवावे.

विल्हेवाट

ऋण किरण नलिकेच्या काचेत शिसे असते आणि एलईडीपूर्व काळातील द्रवस्फटिक मॉनिटरांच्या पार्श्वप्रकाशाच्या नळ्यांत पारा असतो. म्हणून जुने मॉनिटर कचऱ्यात टाकणे वा फोडणे धोक्याचे असते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत व असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडे जाणे अपेक्षित आहे. चालू स्थितीतील जुना मॉनिटर दुसऱ्याला देताना त्याची केबल व आवश्यक तो रूपांतरक सोबत द्यावा. त्यांच्याअभावी चांगला मॉनिटरही निरुपयोगी म्हणून पडून राहतो.

हेही पहा

• द्रवस्फटिक
• ऋण किरण नलिका
• ग्राफिक्स कार्ड
• देवनागरी
• ई-कचरा